फोरमनचा फुटबॉल

सांदणांचा वास जिन्यातच आला आणि मेहनाजने पावलं उचलली. शाळेतून परतताना बकाल्यावरून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, घेतलेलं दही आणि कोथिंबीर तशीच हातात धरून ती स्वयंपाकघरात शिरली. सासूबाई वाफेवरच्या वाट्या एकेक करून ताटात पालथ्या करत होत्या.

"अम्मी, सांदणं कशाला? बिर्याणी आहे, कबाब आहेत."

"उमैरचे अब्बा म्हणाले, कर. तोंड गोड करायचंय सगळ्यांचं."

"अजून ठरलंय कुठे काय!"

"ठरेल गो," हफीजा म्हणाली, पण मान वर न करता.

या घरात सांदणं उगाच होत नसत. साखरपुडा झाला, नोकरी लागली, व्हिसा आला की मगच. म्हणजे सासऱ्याने, हाशमने, आधी तोंड गोड करायची तयारी ठेवली होती आणि मग त्याला हो म्हणवून घ्यायचं होतं. पाहुण्यासमोर नाही म्हणायचं नाही, हा या घराण्याचा कायदा, आणि हाशमला तो वाकवून वापरायची जुनी खोड. धाकट्या मुलाचं, शादाबचं लग्न त्याने असंच जमवलं होतं. शादाबने मुलीचा फोटोही नीट पाहिला नव्हता, पण मामा पाहुणे म्हणून समोर बसले होते. आज त्या जागी बेकसाहेब बसणार होते आणि हो म्हणायचं होतं मेहनाजच्या नवऱ्याने, उमैरने.

मेहनाज यात सामील होती. नवऱ्याच्या पाठीमागे सासऱ्याशी संधान बांधायची तिला हौस नव्हती. पण लेकीचा, नूरैनचा प्रश्न होता. पोर तेरा वर्षांची, आणि चेंडू पायाशी आला की ती पोर राहत नसे. दम्मामला मुलींच्या सामन्यात तिने एकटीने चार गोल केले तेव्हा दुसऱ्या संघाची बाई येऊन विचारून गेली होती, हिला कोण शिकवतं? शिकवत होते तिचे आजोबा, हाशम. मेहनाज स्वतः दम्माममध्येच वाढली होती. तिच्या वेळी मुलींच्या शाळेला मैदान नव्हतं. स्टेडियम बायकांसाठी नव्हतंच. आता मुलींची लीग टीव्हीवर दिसते, आणि ती बघताना मेहनाजला आनंद कमी आणि चरफड जास्त होते.

बेकसाहेब म्हणजे हाशमचे जुने फोरमन. ब्याऐंशी साली हाशम हर्णैहून जुबैलला आला तेव्हा इथे वाळू आणि खांबांच्या खुणा, एवढंच होतं. त्या वाळूत उभं राहायला मला या कोरियन माणसाने शिकवलं, असं तो चाळीस वर्षं सांगत आला होता. बेक पुढे मायदेशी गेले. आता त्यांचा मुलगा जुबैलच्या एका साइटवर इंजिनिअर होता, त्याला भेटायला ते आले होते. त्यांची मुलगी तिकडे मुलींची फुटबॉलची शाळा चालवत होती. हाशमने नूरैनचे व्हिडिओ पाठवले, आणि उत्तर आलं: अशी मुलगी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही, वर्षभरासाठी पाठवा, राहणं-शिकणं सगळं आमच्याकडे. बेक शुक्रवारी परत जाणार होते. फक्त बापाची परवानगी हवी होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

रात्रीची, इशाची नमाज झाली आणि दिवाणखाना भरला. आज आशिया कपात सौदी विरुद्ध कोरिया. नूरैन सौदीची हिरवी जर्सी घालून सोफ्याच्या हातावर चढून बसली होती. हाशमने मुद्दाम लाल टी-शर्ट घातला होता, त्या वयात तो त्याला जरा तंगच होत होता.

"दादा, टुडे यू विल क्राय," नूरैन आजोबांना म्हणाली.

"आम्हाला रडायची सवय आहे," हाशम खुशीत म्हणाला. "आम्ही" म्हणजे कोरिया. पासपोर्ट भारताचा, पोट सौदीचं आणि फुटबॉल कोरियाचा, अशी त्याची वाटणी होती.

बेक आले. सत्तरी ओलांडलेला, ठेंगणा, हसरा माणूस. साइटवर शिकलेली हिंदी अजून त्यांच्या तोंडात होती, अरबीचे दोन-चार शब्द मिसळून. शादाब जिझानहून आदल्या दिवशीच विमानाने आला होता. अब्बांची बाजू घ्यायला त्यालाही बोलावलं होतं, आणि तो तसा कबूलही झाला होता. उमैर तेवढा यायचा होता. रास अल खैरच्या कामावरून यायला त्याला रोजच उशीर होई.

तो येईपर्यंत हाशमने आपली पोथी सोडली. घरात ती सगळ्यांना पाठ होती, पण बेकसमोर वाचायचा मान वेगळा.

"चौपन्न साली हे पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले. लढाई संपून वर्ष झालेलं, देश राखेत. सैन्याच्या विमानातून कसेबसे पोचले. हंगेरीने नऊ गोल मारले, तुर्कस्तानने सात. परत आले. मग काय केलं? पळाले! रोज पळाले. छप्पन्न आणि साठचा आशिया कप घेतला. बासष्टला जाकार्तात आपण यांना हरवलं होतं, शादाब, आपण, इंडियाने, दोन-एकने. आज आपण कुठे आणि हे कुठे? कारण आपण पळायचं थांबलो. पुढच्या वर्ल्ड कपला पोचायला यांना बत्तीस वर्षं लागली. शहाऐंशीची ती मॅच मी यांच्याबरोबर कँपच्या मेसमध्ये पाहिली. अर्जेंटिनाने तीन घातले, यांनी एक. वर्ल्ड कपमधला यांचा पहिला गोल! हरलेले होते, आणि हे बेकसाब बाकावर चढून रडत होते. बोलिए, बेकसाब, झूट तो नहीं?"

"सच, सच," बेक म्हणाले. "मैं बहुत रोया. टेबल भी टूटा."

सगळे हसले, मेहनाजसुद्धा. तेवढ्यात दार उघडलं आणि उमैर आत आला. डावा पाय किंचित ओढत, दिवसभर उभं राहिल्यावर ओढायचा तसा. त्याने बेकना सलाम केला, हिरवी जर्सी पाहिली, लाल टी-शर्ट पाहिला आणि सांदणांचं ताट पाहिलं. मेहनाजकडे त्याने पाहिलंच नाही. म्हणजे त्याला कळलं होतं.

उमैर सतरा वर्षांचा होता तेव्हा मुंबईच्या एका क्लबाने त्याला चाचणीला बोलावलं होतं. त्याआधीचं वर्षभर हाशम त्याला रोज पहाटे पळवत असे, बेकसाहेब कँपमध्ये पळवत तसंच, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरून ती कमरेला बांधून. गुडघा दुखतोय म्हटलं तर दोन फेऱ्या जास्त. कोरियन पोरं तक्रार करत नाहीत. मग एका सकाळी गुडघा असा गेला की दोन ऑपरेशनं होऊनही परत आला नाही. ते साल दोन हजार दोन. कोरिया वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत पोचला तेव्हा उमैर प्लास्टर घालून याच घरात पडला होता, आणि त्याचा बाप टीव्हीसमोर नाचत होता. उमैरने मेहनाजला हे लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. पुन्हा कधी नाही.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. जेवणं उरकली. हाशमने घसा खाकरला.

"उमैर, बेकसाबची लेक आपल्या नूरैनला न्यायला तयार आहे. एक वर्ष. साहेब शुक्रवारी जातायत. मी म्हटलं, आज सगळे बसलेत, दोन शब्द पक्के करून टाकू."

"चांगलं आहे की भाई," शादाब लगेच म्हणाला, शिकवून ठेवल्यासारखा. "असा चान्स रोज येतो काय?"

उमैर पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. "तुला अब्बांनी कधी पळवलं होतं का रे, शादाब?"

शादाबने खिशातून फोन काढला. त्याला कधीच पळवलं नव्हतं. त्याच्या वाटणीला सायकल आली होती.

"मेहनाजचीपण इच्छा आहे," हाशमने दुसरा मोहरा पुढे केला.

"हो," मेहनाज म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटतं तिने जावं. अब्बांकडे नाही, बेकसाहेबांच्या मुलीकडे. शिकलेल्या माणसांकडे."

"माझ्याकडे काय वाईट आहे?" हाशम दुखावला. "मी जे शिकवतो ते यांचंच शिकवतो. विचारा साहेबांना!" तो बेककडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की पुढचं सगळं मेहनाजला आठवताना आधी तो चेहराच आठवे. "बेकसाब, इन लोगों को बताइए. शुक्रवार को आप हमको कैसा ट्रेनिंग देते थे. वो रेती का बैग."

बेकनी क्षणभर आठवलं आणि ते मोठ्याने हसले. मांडीवर थाप मारून हसले.

"ट्रेनिंग? कौन ट्रेनिंग! हाशम, तुम को अभी तक याद? मैं फौज का आदमी. फुटबॉल मुझे मालूम नहीं. देखता था, बस. तुम लोग दूसरे कँप से हारता, मेरा साहब मुझे हँसता, मुझे गुस्सा आता. तो मैं बोला, यल्ला, बैग में रेत भरो, भागो! फौज में मेरा सार्जेंट मुझे ऐसा करता था. वो सजा था, हाशम. ट्रेनिंग नहीं. मैं तीस साल का लड़का, दिमाग नहीं था."

टीव्हीवर दुसरा हाफ सुरू झाला होता, आणि सुरू होता होताच सौदीने गोल केला. नूरैन किंचाळून उठली, कोणी साथ देत नाही पाहून पुन्हा बसली. खालच्या गल्लीत हॉर्न वाजायला लागले.

बेक हसत पुढे सांगतच होते. त्यांना काय ठाऊक? "कोरिया में भी पहले स्कूल में ऐसा करता था. मारो, भगाओ. बहुत लड़का खतम हो गया. मैदान में छोटा लड़का बड़े को नाम से बुला नहीं सकता था, बॉल माँगने को भी डरता था. खाने का टेबल भी अलग. फिर हॉलंड का कोच आया, बोला, सब साथ बैठो, सब नाम से बुलाओ. तब दो हजार दो हुआ. मेरी बेटी ऐसा कोच को एक दिन नहीं रखती, जो बच्चे को सजा देता."

आता हसत होता तो एकटा उमैर. आवाज न करता, खांदे हलवत. मेहनाजने त्याला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसू तिला अजिबात आवडलं नाही.

"ऐकलंत, अब्बा?" तो म्हणाला. "तो फुटबॉल नव्हता. तो एका फोरमनचा राग होता. माझा गुडघा फोरमनच्या रागात गेला."

हाशमने टी-शर्टची बाही उगाच खाली ओढली.

"हिंदीतपण सांगू? साहेबांना कळायला पाहिजे ना."

"उमैर, पाव्हणे आहेत," हफीजा दारातून म्हणाली.

"पाव्हणे मी नाही बोलावले, अम्मी." मग तो नूरैनकडे वळला. "नूर, दादा तुझ्याकडून काय काय करून घेतात?"

नूरैनने आजोबांकडे पाहिलं. "रनिंग."

"नुसतं?"

"बैग के साथ." पोरीचा आवाज बारीक झाला. "दादाने बोला था, मम्मी को मत बताना."

मेहनाजला कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी तिने हाशमला अट घातली होती: अब्बा, शिकवा, पण ती पिशवी नाही. त्याने डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. आणि तिने विश्वास ठेवला होता, कारण तिला विश्वास ठेवायचा होता.

"अब्बा, तुम्ही मला शब्द दिला होता."

"छोटी पिशवी होती," हाशम म्हणाला. "अगदी छोटी. पाय मजबूत व्हायला नकोत? हे साहेब आता काहीही म्हणू देत. म्हातारपणी माणूस मवाळ होतो. आम्ही पळालो म्हणून त्या वर्षी कँपांची स्पर्धा जिंकलो, ते खोटं आहे काय?"

"गप बसा," हफीजा म्हणाली.

खोलीत सगळेच चपापले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला हे दोन शब्द कधी ऐकवले नव्हते, निदान मुलांसमोर तर नाहीच. ती पुढे आली, सांदणांचं ताट उचललं आणि आत घेऊन गेली. एकानेही त्यातलं सांदण उचललं नव्हतं.

बेकना आता काहीतरी उमगलं. ते उमैरच्या पायाकडे पाहू लागले, मग हाशमकडे, आणि त्यांचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मेहनाजला वाटलं. कोणीतरी एकदा मोकळेपणाने विचारायला आणि कोणीतरी सांगायला हवं होतं.

ती उमैरजवळ जाऊन बसली. "हे बघा. तुमचं सगळं खरं आहे. अब्बांनी तिला पुन्हा मैदानात न्यायचं नाही, मी स्वतः नेऊ देणार नाही. पण म्हणूनच तिने तिकडे जायला हवं. तुम्ही ऐकलंत ना, ते लोक असं करत नाहीत. तुमच्यावर झालं ते तिच्यावर होणार नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. नाही जाणार ती. आणि इथलाही फुटबॉल बंद. खलास."

"पण का?"

उमैरने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मेहनाजने भांडण केलं असतं. "ती गेली, मोठी झाली, टीव्हीवर आली, तर उद्या हे हर्णैच्या बंदरावर बसून काय सांगतील? मी पळवली म्हणून झाली. माझा पायपण हिशेबात धरतील. एक गेला, एक लागला. मी त्यांना हे बोलू देणार नाही, मेहनाज. कुठल्याही किमतीत नाही."

"कुठल्याही म्हणजे पोरीच्या?"

"हो," उमैर म्हणाला.

इतकी वर्षं मेहनाजला वाटत होतं, हा माणूस मुलीच्या पायाला जपतो आहे. घाबरतो आहे, बिचारा. त्या भीतीची तिला दया येई. आज तिला कळलं की यात भीतीचा भागच नव्हता. याला आपला बाप एकदा हरलेला बघायचा होता, बस. आणि नेमका आज तो बाप हरून समोर बसला होता, तरी याचं पोट भरलं नव्हतं.

"शादाब, तुम्ही तरी बोला," ती दिराला म्हणाली.

"भाई बाप आहे तिचा, वहिनी," शादाब फोनकडे बघत म्हणाला. तासाभरात त्याची बाजू फिरली होती.

तेव्हा मेहनाज उठली आणि तिने ते केलं जे या घरात कोणत्याही सुनेने केलं नव्हतं. नवऱ्याने नाही म्हटलेल्या गोष्टीवर ती थेट पाहुण्याशी बोलली. "बेकसाब, मेरी बेटी आएगी. आप अपनी बेटी को बोलिए."

"बापाच्या सहीशिवाय विमानात बसवून दाखव," उमैर म्हणाला.

टीव्हीवर भरपाईचा वेळ संपत आला होता. सौदी जिंकणार असं सगळे धरून चालले होते, आणि कोरियाने डोक्याने मारून बरोबरी केली. बेकच्या देशाने, आणि बेकनी टाळीसुद्धा वाजवली नाही. ते टोपी हातात घेऊन बसून राहिले, कारण मधेच उठणं त्यांना बरं दिसेना. जादा वेळ झाला, पेनल्टी झाल्या, कोरियाच्या गोलकीपरने दोन अडवल्या. खालचे हॉर्न बंद पडले.

"पाहिलंत?" हाशम एकदम म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे. "संपलेली मॅच होती. शेवटपर्यंत पळाले म्हणून जिंकले."

उमैर उठून आतल्या खोलीत गेला, पाय जरा जास्तच ओढत, किंवा मेहनाजला तसं वाटलं.

दारात बेकनी मेहनाजला सांगितलं, अगले साल भी जगह रहेगा, मैं बोलूँगा. तिने मान हलवली. पुढच्या वर्षी बाप तोच असणार होता आणि आजोबाही तेच. बेक खाली उतरले. सोडायला कोणीच गेलं नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि त्या सगळ्या गोंधळात तिला तेवढ्याचीही लाज वाटली.

नूरैन पलंगावर जर्सी घालूनच बसली होती. मेहनाज तिच्या शेजारी बसली आणि तिने तिचा गुडघा चाचपून पाहिला. कुठे सूज नव्हती. पाय धडधाकट होता, चांगला मजबूत.

"मम्मी, पप्पा ने नो बोला बिकॉज ऑफ दादा, ना?"

"हो."

"मी चांगलं खेळत नाही म्हणून नाही ना?"

त्या क्षणी खोटं बोलावं असं मेहनाजच्या फार मनात आलं. तसंच आहे गो, बेकसाहेबांच्या मुलीला वाटलं तू अजून कच्ची आहेस, असं म्हटलं असतं तर पोर आज रडली असती आणि वर्षभरात विसरली असती. पण ती प्रश्न विचारून अशी बघत होती की खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही. तू फार चांगलं खेळतेस. कोरियाच्या त्या बाईंनी तुझ्याइतकी चांगली मुलगी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही, असं लिहून कळवलंय."

नूरैनचा चेहरा उजळला, आणि मग त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला: इतकं चांगलं खेळूनही जायचं नव्हतंच.